वारली चौक : भात, भिंत आणि वस्ती

सुरत शहराच्या कापडबाजारात कृत्रिम धाग्याच्या साड्यांच्या थप्प्यांमध्ये एका विशिष्ट छापाची साडी हटकून आढळते. तिच्या तांबूस वा काळसर काठावर पांढऱ्या रेषांची माणसे हातांत हात गुंफून फेर धरून नाचत असतात. मध्ये एक वाजविणारा असतो, बाजूस झाडे, कोंबड्या व बैल असतात. दुकानदार या छापास ‘वारली’ म्हणतो व गिऱ्हाईकही त्याच नावाने तो मागते. चादरी, पिशव्या, उपाहारगृहांच्या भिंती, सरकारी कार्यालयांची कुंपणे, इतकेच काय पण रेल्वे स्थानकेही आता या आकृतींनी सजलेली दिसतात. एका आदिवासी समाजाच्या चित्राचा एवढा प्रसार व्हावा, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु हे चित्र मुळात कशावर, कशाने, केव्हा आणि कोणी काढावयाचे असते, याची माहिती फार थोड्यांना असते. त्यामुळे आकृती दूरवर पोहोचली आणि तिला जन्म देणारी व्यवस्था मात्र मागे राहिली. ती व्यवस्था समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वारल्यांचा मुलूख

सुरतेहून पश्चिम रेल्वेने दक्षिणेस निघाल्यावर नवसारी, वलसाड व वापी ही मोठी स्थानके मागे पडतात आणि पुढे भिलाड, संजाण, उंबरगाव रोड, घोलवड, डहाणू रोड अशी स्थानके लागतात. रुळांच्या पश्चिमेस समुद्रकाठच्या वाड्या आहेत, तर पूर्वेस सह्याद्रीपर्यंत पसरलेला डोंगराळ, जंगलाचा प्रदेश आहे. गुजरातेतील उंबरगाव, कपराडा व धरमपूर, दादरा व नगर हवेली आणि महाराष्ट्रातील तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या भागांत वारली समाज राहतो.

राज्यांच्या सीमा या वस्तीच्या मधूनच गेलेल्या आहेत. उंबरगाव तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा या तालुक्यातील काही गावे गुजरातकडे जाऊन सुरत जिल्ह्यास जोडण्यात आली व उरलेली गावे डहाणू तालुक्यात घालण्यात आली. पुढे १९६४ मध्ये सुरत जिल्ह्यातून वलसाड जिल्हा निघाला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. कागदोपत्री जिल्हे बदलत गेले, पण एकाच समाजाची सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली आणि लग्नघरातील चौकही दोन्ही बाजूंस काढला जात राहिला. सुरत आणि वारली चित्र यांचे नाते केवळ साडीच्या काठापुरते नाही, हे यावरून ध्यानात यावे.

रेषेच्या आधी जंगल

वारल्यांची शेती मुख्यत्वे भाताची. या भागात भातशेतीची सुरुवात पावसाने होत नाही, राबाने होते. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत शेताच्या एका तुकड्यावर पसरून भाजतात. त्या राखेच्या जमिनीत पहिल्या पावसाच्या सुमारास भात पेरतात, रोपे हातभर झाली की ती उपटून चिखलात लावतात. म्हणजे जंगलाने पाला दिला तर राब, राबाने रोप दिले तर भात, आणि भात झाले तरच चित्राचा पांढरा रंग. कारण हा रंग म्हणजे तांदळाचे पीठच होय. तांदूळ भिजवून वाटतात, त्यात पाणी व थोडा डिंक घालतात. बांबूच्या काडीचे टोक चावून वा ठेचून मऊ केले की कुंचला तयार होतो.

ज्यावर चित्र काढावयाचे ती भिंतही जंगलातूनच येते. कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या वा बांबूच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधतात आणि त्यांवर माती व शेण यांचा लेप देतात. कारवी हे सह्याद्रीतील झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. ते ज्या डोंगरावर टिकले नाही त्या डोंगराखालच्या गावात कुडाची भिंतही टिकत नाही. सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात फिरविला की तांबडी भुई तयार होते. तांबड्यावर पांढरे, एवढीच काय ती रंगसंगती. कलासमीक्षक तिच्यात संयम पाहतात. घरात जे हाताशी आहे त्यातून काम भागविणे, हे त्या संयमाचे साधे नाव आहे.

या चित्रातील आकारही मोजकेच आहेत. वर्तुळ सूर्यचंद्रावरून व त्रिकोण डोंगर आणि टोकदार झाडांवरून आला, असे सांगतात. चौरस मात्र निसर्गात आढळत नाही. तो माणसाने आखलेली पवित्र जागा दाखवितो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडले की माणसाचे धड होते, आणि त्या नाजूक सांध्यामुळे ते धड वाकते, नाचते, ओझे उचलते, लावणी करते. एवढ्याशा सामग्रीतून हालचालीचा एवढा भास निर्माण करणारी चित्रपद्धती दुर्मीळच म्हणावी लागेल.

लग्नाचा चौक

वारल्यांच्या परंपरेत भिंतीवर चित्र काढण्याचा मुख्य प्रसंग म्हणजे लग्न. लग्नघरातील भिंत सारवून तिच्यावर सवासिनी चौक काढतात. चौकाला साखळीसारख्या व जाळीसारख्या नक्षीच्या कडा असतात. आत पालघट देवी असते. घट म्हणजे भांडे. रोपांनी, हिरवाईने भरून वाहणाऱ्या भांड्याची ही देवी सुफलतेची मानली जाते. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावर बसलेले वधूवर व झाडे येतात. शेजारी लहान देवचौक असतो व त्यात पाचशिऱ्या देव असतो. लग्नाची गाणी म्हणून विधी चालविण्याचा मान धवलेरीचा, म्हणजे एका स्त्रीचाच असतो. चित्र काढणाऱ्या स्त्रिया आणि विधी सांगणारीही स्त्री, ही गोष्ट इतर अनेक समाजांच्या रीतीशी ताडून पाहण्याजोगी आहे.

चौकाखाली कोणाचे नाव नसते. तो एकीचा नसतो, आळीतील चार-पाच जणींचा मिळून असतो. लग्न आटोपल्यावर तो जपून ठेवण्याची कोणास चिंता नसते. धुराने तो काळवंडतो, पुढल्या सारवणाखाली जातो आणि पुढल्या लग्नात नव्याने काढला जातो. संग्रहालयांना टिकाऊपणा महत्त्वाचा वाटतो. येथे पुन्हा काढता येणे महत्त्वाचे आहे. पुन्हा काढावयाचा तर भात पिकले पाहिजे, जंगलात काठी मिळाली पाहिजे आणि ज्येष्ठ स्त्रीने धाकटीला बरोबर बसवून घेतले पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी तुटले तरी चौक थांबतो.

या चित्राभोवती नेहमी सुबत्तेचेच दिवस होते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेले कर्ज फेडण्याकरिता नवराबायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबावयाचे, या पद्धतीस ‘लग्नगडी’ असे म्हणत. ज्या भिंतीवर भरल्या घटाची देवी काढली जाई, त्याच घरातील जोडपे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वेठीस लागे. १९४५ मध्ये तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे आदिवासींची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध जो लढा उभारला, त्याचा वृत्तान्त गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आला आहे. वारली चित्र शिकविणाऱ्या शिक्षकाने हा इतिहासही वर्गात सांगावा असे वाटते. नाचणाऱ्या माणसांची रांग पाहून ‘सदा आनंदी आदिवासी’ असा जो भ्रम होतो, तो त्यामुळे दूर होईल.

साडीवर दिसणारा फेर हा तारपा नाच होय. तारपा हे वाद्य वाळविलेला भोपळा, बांबू व ताडाचे पान यांपासून बनवितात. वाजविणारा मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती हातांत हात गुंफून फिरतात आणि फेरा सर्पिल आकाराने उलगडत व मिटत जातो. हा नाच शेताशी बांधलेला आहे. भात तयार होऊ लागले, कणसरीचे म्हणजे धान्यदेवतेचे दिवस आले की तारपा ऐकू येतो. साडीच्या काठावर हा फेर सरळ रेषेत, एकाच मापाने, छपाईच्या चौकटीगणिक पुन्हा पुन्हा येतो. त्यात वाजविणारा कोठे आणि नाचणारे कोठे, याचाही कधी कधी मेळ राहत नाही.

भिंतीवरून कागदावर

हे चित्र बाहेरच्या जगास परिचित होण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस द्यावे लागेल. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना भिंतीवरील चित्रे कागदावर काढण्यास प्रवृत्त करण्याच्या कामी ते गेले होते. १९७० नंतर ते डहाणू भागात आले व वारल्यांच्या हाती त्यांनी कागद दिला. याच सुमारास गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. १९३४ मध्ये जन्मलेले म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले व धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. चौकाची रेषा त्यांनी विधीबाहेर आणली आणि मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, पाऊस, रानातील वाट असे रोजचे विषय चितारले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातील एक घटना या लेखाच्या विषयाशी फार जवळची आहे. पाश्चात्त्य देशांत १९६० नंतर काही कलावंत चित्रशाळा सोडून उघड्या भूमीवर काम करू लागले. माती, दगड, पाणी हेच साहित्य व भूमी हाच कागद, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडमधील रिचर्ड लाँग हे त्यांपैकी एक. १९६७ मध्ये ते एका गवताच्या मैदानात पुढेमागे चालत राहिले, गवत दबून सरळ रेषा उमटली आणि तीच त्यांची कलाकृती ठरली. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात लाँग व म्हसे या दोघांचीही कामे होती. पुढे २००३ मध्ये लाँग वारल्यांच्या मुलखात आले, तेथील वाटांवरून चालले, भूमीवर त्यांनी आकार मांडले, आणि त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे या दोघांच्या कामांचे संयुक्त प्रदर्शन झाले. आज ज्यास पर्यावरण-कला म्हणतात तिचा शोध युरोपात लागला, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. गंजाडच्या परिसरातील स्त्रिया त्याआधीपासून शेण, गेरू व तांदूळ यांनी काम करीत होत्या. त्यांच्या कामास कोणी नाव दिले नव्हते, इतकेच. दोहोंत एक भेदही आहे. लाँग यांची रेषा निर्जन जागी एकट्याने काढलेली असते. चौक भरल्या घरात, अनेकींनी मिळून, एका लग्नासाठी काढलेला असतो.

कागदामुळे वारली घरांत पैसा आला, हे निर्विवाद होय. त्याबरोबर दोन बदलही झाले. जे काम स्त्रियांचे होते ते विक्रीस निघाल्यावर बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले, आणि जे सर्वांचे होते त्याखाली एकाची सही आली. अलीकडे स्त्री-चित्रकारही पुन्हा पुढे येत आहेत, ही समाधानाची बाब आहे.

पक्के घर आणि कच्ची भिंत

मोठा पेच घराचा आहे. शासकीय योजनांतून सिमेंटची पक्की घरे उभी राहिली व राहत आहेत. चित्र टिकावे म्हणून माणसाने गळक्या घरात राहावे, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. कुडाचे घर वारल्यांनी हौसेने नव्हे, तर जे साहित्य उपलब्ध होते त्यातून बांधले. पक्के घर हा त्यांचा हक्क आहे. परंतु सिमेंटच्या गिलाव्यावर सारवण धरत नाही, आणि तैलरंगावर काढलेला चौक धुराने काळवंडत नाही, पुसलाही जात नाही. तो कायमचा होतो, आणि कायमचा झाला की पुढल्या लग्नात मुलीने शिकावयाचे कारण उरत नाही. यास्तव घरकुलाचा आराखडा करताना पडवीची एक भिंत वा ओसरीचा एक भाग माती-शेणाच्या लेपासाठी राखता येईल काय, याचा विचार ग्रामपंचायतींनी व अभियंत्यांनी अवश्य करावा. खर्च नगण्य आहे. कुटुंबाची इच्छा मात्र आधी विचारावी.

दुसरा प्रश्न काठीचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले आहे व ते गोळा करण्याचा वनवासींचा हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाचे नियोजन स्वतः करता येते. त्या नियोजनात बांबू व कारवी यांस जागा असावी. कलेच्या संवर्धनासाठी निधी देणारे खाते एक, जंगल सांभाळणारे दुसरे आणि घरे बांधणारे तिसरे. चौकाला मात्र तिन्ही लागतात.

तिसरा प्रश्न नावाचा. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्याखाली वारली चित्राची नोंदणी २०१४ मध्ये झाली. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी पुढाकार घेतला. या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. संरक्षण मिळते ते नावाला. वर्तुळ, त्रिकोण वा फेर यांवर कोणास मालकी सांगता येत नाही. त्यामुळे सुरतेच्या यंत्रावर छापलेल्या फेराची साडी बाजारातून नाहीशी होणार नाही, व ती व्हावी असा आग्रहही व्यवहार्य नाही. त्या छपाईवर हजारो कामगारांचे, त्यांत खानदेशातून गेलेल्या आपल्याच बांधवांचे, पोट आहे. परंतु खनिज तेलापासून काढलेल्या धाग्यावर रासायनिक रंगाने छापलेली आकृती आणि वारली हातांनी केलेले चित्र या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे गिऱ्हाईकास कळले पाहिजे. शासकीय कार्यालये भिंती रंगविण्याचे काम देतात तेव्हा तर ही जबाबदारी अधिकच येते. कंत्राटदाराने आणलेल्या रंगाऱ्याकडून ‘वारली’ काढून घेण्याऐवजी ते काम वारली चित्रकारांच्या गटास द्यावे, गटात स्त्रिया असाव्यात आणि मोबदला गटाला मिळावा, अशी अट निविदेत घालण्यास अडचण नसावी.

शाळांसाठी काही सूचना

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे गुजरातीखेरीज मराठी माध्यमाच्याही शाळा चालतात. उधना, लिंबायत यांसारख्या भागांतील मराठी कुटुंबांपैकी बरीच धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली आहेत. त्यांच्या मुलांना वारली चित्र पुस्तकातून कित्ता गिरविल्याप्रमाणे काढावयास लावण्यात फारसे हशील नाही. खरे वारली चित्रकारही आता आगगाडी, मोटार व विमान काढतात. भोवताली जे आहे ते काढणे, हीच त्यांची रीत. सुरतेच्या मुलाने तापीचा पूल, माग, कापडाच्या गाठी वाहणारा टेम्पो व गच्चीवरील पतंग काढावेत. चालीरीतीविषयी आजीला विचारावे. खानदेशच्या घरांतही कानबाईच्या व भुलाबाईच्या निमित्ताने माती, धान्य व गाणे एकत्र येते, हे त्या मुलांना घरीच समजेल.

साहित्य मात्र खरे असावे. शाळेची भिंत सिमेंटची असेल तर बांबूच्या तट्ट्याची तीन-चार फुटांची चौकट करून ती मातीत शेण व थोडा भाताचा कोंडा कालवून दोन्ही अंगांनी लिंपावी. पहिला लेप पुरता वाळल्यावर दुसरा द्यावा, नाहीतर भेगा पडतात. त्यावर गेरू पाण्यात कालवून फडक्याने सारखा लावावा. तांदूळ रात्रभर भिजवून बारीक वाटावेत, ताकाइतके पातळ करून त्यात भिजविलेल्या डिंकाचे चमचाभर पाणी घालावे. डिंक अधिक झाला तर रेषा वाळल्यावर सोलून निघते. एका चौकटीवर चार-पाच मुलांनी मिळून काम करावे व खाली कोणाचेही नाव घालू नये. वर्षअखेरीस ती पुन्हा सारवून पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी.

हे काम पावसाळ्यात घेऊ नये. हवेत ओल असली की लेप वाळत नाही व बुरशी धरतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर, भातकापणी उरकलेली असताना ते सुरू करणे सोयीचे. त्या वेळी ऊन चांगले असते, कोंडा सहज मिळतो आणि नवे तांदूळही बाजारात आलेले असतात.